आलेख तयार आहे, पावलं कुठं आहेत?

पत्र, थोडं कापून:

‘मी ४३ वर्षांचा, कोल्हापूरला एका पतसंस्थेत हिशेब बघतो. उंची पाच फूट सहा इंच, वजन ८६ किलो. दिवाळीनंतर रक्त तपासलं तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला. डॉक्टर म्हणाले, डायबेटिस अजून घरात आलेला नाही, पण दारात उभा आहे. त्याच सुमारास घरच्या २०१४ च्या लॅपटॉपवर विंडोज १० चे अपडेट बंद झाले. म्हणून नव्या वर्षाला दोन संकल्प सोडले. पहिला: तीन महिन्यांत १२ किलो कमी, रोज १०,००० पावलं, रोज १०० सूर्यनमस्कार आणि यंदाच्या पावसाळ्यात सातारा हिल हाफ मॅरेथॉन. दुसरा: घरचं सगळं मुक्त सॉफ्टवेअरवर न्यायचं.

दुसरा जोरात आहे. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या डिस्ट्रो, म्हणजे तिचे वेगवेगळे अवतार, टाकत गेलो: आधी उबंटू, मग फेडोरा, मग आर्च, आता मिंट. त्यात मिसेसची मसाल्याच्या ऑर्डरची फाईल गेली, पण ती तशी जुनी होती. रात्रीचा दीड कधी वाजतो कळत नाही, मध्ये एकदा चहा-फरसाण होतं. हातातल्या बँडमधली माहिती कंपनीच्या ॲपशिवाय काढून लॅपटॉपवर आलेख काढायचा म्हणून तीन रात्री घालवल्या. आलेखाचा साचा तयार आहे, पण गॅजेटब्रिज हे मुक्त ॲप बँडची की, म्हणजे ओळख पटवणारा गुप्त आकडा, मागतं. पहिला संकल्प मात्र रखडलाय. पहिल्याच दिवशी रंकाळ्याला पाच किलोमीटर पळालो, तेव्हापासून सकाळी टाच टेकवत नाही. तीन आठवड्यांत चार वेळा गेलो. माझी इच्छाशक्ती कमी पडते का? जुन्या लॅपटॉपला सगळ्यात चांगली डिस्ट्रो कोणती? आणि बँडची की कशी काढायची?’

– एक वाचक, कोल्हापूर

नमस्कार,

तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण तुमच्या क्रमानं नाही. पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलीय. ‘मिसेसची फाईल गेली, पण ती तशी जुनी होती.’ जुनी होती हे कुणी ठरवलं? मसाल्याच्या धंद्यात जुनी यादी हेच भांडवल असतं. कुणाला ब्याडगी जास्त लागते, कुणाला संकेश्वरीचा झणका हवा, कुणी कांदा-लसूण वेगळा बांधून मागतं, गेल्या उन्हाळ्यात कुणाचे साडेतीनशे राहिलेत, हे सगळं त्या ‘जुन्या’ फाईलमध्ये होतं. मार्च उजाडला की मिरच्या वाळत पडतील आणि वहिनींना ती यादी लागेल. तुमच्याकडे फार तर महिना-दीड महिना आहे.

तेव्हा आज रात्रीपासून त्या डिस्कवर काहीही लिहू नका. पाचवी डिस्ट्रो नाही, अपडेटसुद्धा नाही. डिस्क फॉरमॅट केली की पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्यासारखं होतं, पानं जागेवरच राहतात. त्या पानांवर नवं काही छापलं गेलं की मात्र जुनं कायमचं जातं. तुम्ही चार वेळा छापलंत. तरी एका इन्स्टॉलेशनला साधारण दहा-वीस जीबी जागा लागते आणि त्या काळातल्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बहुधा ५०० जीबीची असते. म्हणजे आशा आहे, खात्री नाही.

लॅपटॉप उघडून जुनी हार्ड डिस्क बाहेर काढा आणि जागी अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीशिवायची वेगवान डिस्क, बसवा. चार स्क्रूंचं काम, ते तुम्ही आनंदानं कराल. ही एसएसडी तुम्हाला तशीही घ्यायचीच होती. २०१४ च्या मशीनला जिवंत करणारी वस्तू तीच, डिस्ट्रो नव्हे. रॅम चार जीबी असेल आणि दुसरा खाचा रिकामा असेल तर आणखी चार टाका. जुनी डिस्क यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून जोडा आणि फोटोरेक हा गेलेल्या फाईली शोधणारा प्रोग्रॅम चालवा. ते टेस्टडिस्क नावाच्या पॅकेजबरोबरच येतं, मुक्त सॉफ्टवेअर आहे. नाव फोटोंचं असलं तरी एक्सेलच्या फाईलीही शोधतं. सापडलेलं त्याच डिस्कवर साठवू नका, तिसरीकडे साठवा.

यात एक मेख आहे. फोटोरेक फाईलींची नावं परत देत नाही. ‘एफ’ अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा, अशा शेकडो फाईली समोर येतील. त्यातली ऑर्डरची कुठली हे तुम्हाला ओळखता येणार नाही. वहिनींना येईल. एका रविवारी दुपारी त्यांना शेजारी बसवा, एकेक फाईल लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे एक्सेल-वर्डच्या मुक्त भावंडात, उघडा आणि तुम्ही फक्त माऊस हलवा. ‘थांबा, ही गडहिंग्लजची’ असं त्या म्हणेपर्यंत. त्याआधी एकदा त्यांचं व्हॉट्सॲप चाळा. बायकांनी एखादी यादी बहिणीला किंवा छपाईवाल्याला पाठवलेली असते आणि ती तिथंच पडून असते.

शहाणपणा शिकवतोय असं समजू नका. मी स्वतः एकदा पेन ड्राइव्हवर आयएसओ, म्हणजे डिस्ट्रोची इन्स्टॉल करायची फाईल, लिहायला बसलो आणि पेन ड्राइव्हच्या ‘एसडीबी’ या नावाच्या जागी ‘एसडीए’, म्हणजे लॅपटॉपच्याच डिस्कचं नाव, टाइप करून एंटर दाबलं. डिस्कवर लिहिणारी डीडी ही आज्ञा ‘नक्की का?’ असं विचारत नाही. मेहुण्याच्या लग्नाचे फोटो त्यात होते. मेहुणा अजूनही मला पेन ड्राइव्ह देताना दोन बोटांत धरून देतो.

आता डिस्ट्रो. चार स्थळं बघून झाली, आता होकार द्या. मिंट ठेवा, त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्या. मिंट २२ ची मालिका उबंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. तोपर्यंत तुमची साखर कुठं आहे ते बघू. आर्च चांगलंच आहे, पण ते रोज लक्ष मागतं. रोज लक्ष मागणारी एक गोष्ट तुमच्याकडे आधीच आहे, ८६ किलोंची. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आलेलंच असतं, ते चालू करा. फक्त एक लक्षात ठेवा, टाइमशिफ्ट सिस्टिमची प्रत ठेवतं. घरच्यांच्या फाईली ज्या ‘होम’ फोल्डरमध्ये असतात, तो ते आपणहून घेत नाही. कित्येक जण टाइमशिफ्टच्या भरवशावर राहतात आणि नेमक्या फाईलीच गमावतात. होमची प्रत वेगळ्या डिस्कवर, दर रविवारी. वहिनींच्या फोल्डरची दोन ठिकाणी.

नव्या डिस्ट्रो बघायची हौस जाणार नाही, जाऊही नये. एका पेन ड्राइव्हवर व्हेंटॉय टाका, त्यात आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या आणि हवी ती लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघायची. इन्स्टॉलचं बटण मात्र तिथं दाबायचं नाही. वहिनींना लिब्रेऑफिस नवं वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडे मराठीतूनही आहेत. तुम्ही स्वतः शिकवायला बसण्यापेक्षा ते बरं. नवऱ्यानं बायकोला कॉम्प्युटर आणि गाडी शिकवू नये, हा नियम मी अनुभवानं केलाय.

इच्छाशक्तीचं म्हणाल तर ती तुमच्याकडे पोत्यानं आहे. रात्री दीडपर्यंत लाल अक्षरातल्या त्रुटी वाचत बसायला काय कमी चिकाटी लागते? फरक उत्तराच्या वेगात आहे. मशीनला काही विचारलं की दोन सेकंदांत उत्तर येतं. चुकलं तर का चुकलं तेही बहुतेक वेळा सांगतं. वायफाय चालत नव्हतं, ड्रायव्हर टाकला, चाललं, उठून हात झटकावेसे वाटतात. शरीर असं बोलत नाही. आज चाललात तर उद्या काट्यावर काहीच दिसत नाही, उलट पाणी धरून अर्धा किलो जास्त दिसतं. सहा-आठ आठवड्यांनी पँटचं बटण सैल लागतं, एवढंच काय ते उत्तर. तुम्ही लवकर उत्तर देणाऱ्याकडे ओढले गेलात. कुणीही गेला असता. पण मग तुम्ही दुसरी चलाखी केली. शरीराचं काम मशीनच्या भाषेत आणलंत. बँड, की, आलेखाचा साचा. त्यामुळे रात्री साचा बनवताना तुम्हाला वाटत राहिलं की आपण तब्येतीचंच काही करतोय. तीन रात्री आलेखावर आणि चार सकाळी रंकाळ्यावर. बाजारात तुरी म्हणतात ती हीच.

आणि त्या रात्रींनीच सकाळी खाल्ल्या. दीडला झोपून साडेपाचला उठायचं म्हणजे चार तास झोप. मोठ्या माणसाला किमान सात लागतात. झोप कमी पडली की भूक वाढते आणि इन्सुलिन नीट काम करत नाही. तुमच्या ६.१ ला हे दोन्ही नको आहे. शिवाय बाराचं फरसाण. ते व्यायामानं फिटत नाही. दहाला झोपलेल्या माणसाला बाराला भूक लागत नाही, एवढाच त्यावर उपाय.

म्हणून तुमच्या आवडीचंच औषध देतो. रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, क्रॉनटॅबमध्ये एक ओळ लिहा; ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी ही यादी. पाच खाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. पहिल्यात ३०, दुसऱ्यात २२, पुढच्या तिन्हींत चांदणी (*) आणि त्यापुढे शटडाऊनची आज्ञा, दहा मिनिटांची मुदत देऊन. रोज रात्री साडेदहाला मशीन सूचना देईल आणि दहा चाळीसला गप होईल. ती ओळ काढायला तुम्हाला अर्धं मिनिट पुरेल हे मला माहीत आहे. पासवर्ड वहिनींकडे दिलात तरी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून तुम्ही आत शिराल. पण ओळ काढण्यासाठी उठून पेन ड्राइव्ह शोधावा लागेल, आणि तो शोधताना घड्याळ दिसेल.

आता पहिला संकल्प. संकल्प ‘सोडण्या’ची आपली भाषा मोठी गमतीची आहे, केला आणि टाकला दोन्ही एकाच शब्दात. या एका संकल्पात तुम्ही चार सोडलेत, त्यातले तीन खरोखरच सोडून द्या.

तीन महिन्यांत १२ किलो म्हणजे आठवड्याला जवळजवळ एक किलो. त्यासाठी रोज साधारण हजार कॅलरींची तूट लागेल. टाच दुखत असलेल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला ती उपाशी राहूनच साधेल आणि मग मार्चमध्ये एका लग्नाच्या पंगतीत सगळा हिशेब मोडेल. त्यापेक्षा हा आकडा बघा. अमेरिकेत तुमच्यासारख्या सीमारेषेवरच्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याइतका व्यायाम, एवढंच उद्दिष्ट ठेवलेल्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. आपल्याकडे चेन्नईच्या डॉक्टरांनी भारतीयांवर तसाच अभ्यास केला. तिथं वजन फारसं हललं नाही, तरी नुसत्या राहणीतल्या बदलानं प्रमाण २८ टक्क्यांहून थोडं जास्त घटलं. तुमचे सात टक्के म्हणजे सहा किलो. ८६ चे ८०. तीन महिन्यांऐवजी सहा-आठ महिने घ्या. आणि काट्यापेक्षा टेप हातात धरा. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी असं धरतात. तुमची तुम्ही लिहिली नाहीत. पायजम्याच्या नाडीवर नको, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून मोजा.

१०,००० पावलांचा धाक बाळगू नका. तो आकडा दवाखान्यातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पाठोपाठ, १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये एक पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ अशा अर्थाचं होतं. नाव चाललं आणि आकडा जगभर झाला. जागतिक आरोग्य संघटना मिनिटं मोजते. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल पण बोलता येईल असं चालणं, शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम.

सूर्यनमस्कार शंभर कशाला? औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत ते घालायला लावले, पण ती पोरं होती, ४३ वर्षांचे हिशेबनीस नव्हते. सहा घाला, सावकाश, प्रत्येक स्थितीत श्वास पूर्ण करून. टाच बरी होईपर्यंत तेही पाय मागे झपकन न फेकता.

टाचेबद्दल. सकाळचं पहिलं पाऊल खिळ्यावर पडल्यासारखं, दहा-वीस पावलांनी सुसह्य, बसून उठलं की पुन्हा तेच. असंच होत असेल तर तळपायाचा जो पट्टा टाचेपासून बोटांपर्यंत जातो तो ओढला गेला असण्याची दाट शक्यता आहे. वजनदार माणूस सवय नसताना एकदम पळाला की हे बऱ्याचदा होतं. तरी एकदा हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओला दाखवाच. तोपर्यंत पळणं बंद. पलंगावरून उतरण्याआधी पायाखाली पंचा घालून, त्याची दोन टोकं हातात धरून पंजा आपल्याकडे ओढा, तीस मोजा, तीनदा. घरातल्या फरशीवर अनवाणी फिरू नका, जाड तळाची चप्पल घाला, घरच्यांनी नावं ठेवली तरी. संध्याकाळी पाण्याची छोटी बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तळपायाखाली पुढं-मागं फिरवा. आणि पोटऱ्या भिंतीला हात टेकून ताणा, पोटऱ्या आखडल्या की हे दुखणं वाढतं.

टाच शांत झाली की रंकाळा. पहिले दोन आठवडे वीस मिनिटं, सपाटीला, आठवड्यातून पाच दिवस. मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, तीस झाली की दीडशेचा हिशेब आपोआप बसतो. पळायचंच असेल तर ते त्यानंतर, आणि तेही चालणं-पळणं आलटून-पालटून. १९९६ मध्ये जॉश क्लार्क नावाच्या माणसानं सोफ्यावरून थेट पाच किलोमीटरपर्यंत नेणारी नऊ आठवड्यांची योजना केली, ती जगभर चालते. तिच्यात पहिल्या दिवशी एका वेळी फक्त एक मिनिट पळायचं असतं. तुम्ही नवव्या आठवड्याचा धडा पहिल्या दिवशी वाचलात. साताऱ्याची शर्यत एकवीस किलोमीटरची आहे आणि यवतेश्वरचा घाट चढवते. यंदा तिथं जा, पण टाळ्या वाजवायला. पावसाळ्यात तो घाट बघण्यासारखा असतो.

वहिनींना ‘तूही चल की’ असं म्हणू नका. त्यांनी तसं कुठं म्हटल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. सकाळच्या त्या वीस मिनिटांत घर शांत असणं हीच कदाचित त्यांना मिळणारी भेट असेल.

राहिली बँडची की. तुम्हाला कंपनीचं ॲप नको आहे हे मला पटतं. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या ॲपच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेषांवरून लष्करी तळांचे आकार दिसले होते. पतसंस्थेच्या हिशेबनिसाच्या पावलांत कुणाला गुपित सापडणार नाही, पण आपली माहिती आपल्या घरात असावी ही इच्छा रास्त आहे, आणि गॅजेटब्रिज इंटरनेटची परवानगीच मागत नाही ही त्याची मोठी गोष्ट. बहुतेक नव्या बँडना मात्र ओळख पटवणारी की लागते आणि ती मिळवायला एकदा कंपनीच्या ॲपमध्ये बँड जोडावाच लागतो. तुमचं मॉडेल कोणतं ते गॅजेटब्रिजच्या माहितीपानांवर शोधा, की काढण्याची रीत तिथं मॉडेलवार दिलेली आहे. की मिळाल्यावर ॲपमधून बँड ‘अनपेअर’ करू नका. नुसतं ॲप काढून टाका. अनपेअर किंवा रीसेट केलंत तर की बदलते आणि चौथी रात्र जाते.

पण हे सहा आठवड्यांनी. तोपर्यंत बँड ड्रॉवरमध्ये, जुन्या हार्ड डिस्कशेजारी. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय असेलच, त्यात दुधाच्या हिशेबाच्या वर तारखेच्या चौकोनात मिनिटं लिहा. ‘२०’. ‘२५’. गेला नाहीत त्या दिवशी शून्य लिहा, रिकामं सोडू नका. पत्रात तुम्ही ‘चार वेळा’ लिहिलंत तसं शून्यही सरळ लिहिता येईल तुम्हाला. सहा आठवड्यांचे आकडे जमले की मग लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये आलेख काढा. साचा तयार आहेच.

टाच आणि वहिनींची फाईल, या दोन्हींचं काय झालं ते मार्चमध्ये कळवा. यादी सापडली असेल तर त्यात माझंही नाव घाला, अर्धा किलो, ब्याडगी जास्त.